मागची पानं

वकिलांच्या दाराबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने तिच्या मांडीवरच्या जाड बाडाकडे पाहिलं आणि मान जवळ आणून विचारलं, "तुमचं कोण आत आहे?"

"कुणी नाही."

"म्हणजे अजून पकडलं नाही," तो समजूतदारपणे म्हणाला. "बरं केलंत, आधीच आलात. माझा भाऊ दोन महिने आत आहे. पण साहेब काढतील. साहेब कुणालाही काढतात."

तिने बाड पोटाशी ओढलं. पकडायचं तर तिलाच पकडलं असतं. चार दिवसांपूर्वी आलेल्या पत्रात तसंच होतं: भाचीला तिने बेकायदा ताब्यात ठेवलं आहे, सात दिवसांत मुलीला वडिलांच्या हवाली करावं, अन्यथा. 'अन्यथा'च्या पुढे तिने वाचलंच नव्हतं. शहरातला सगळ्यात मोठा फौजदारी वकील कोण, एवढंच ती विचारत सुटली होती.

आतून हाक आली.

वकिलांनी पत्र उभ्यानेच वाचलं. माणूस आडवा, आवाज त्याहून मोठा.

"मुलीच्या तुम्ही कोण?"

"मावशी. बहीण गेली तेव्हा पोर अकरा महिन्यांची होती."

"आणि वडील?"

"वर्षभरात दुसरं लग्न केलं, परगावी गेले. वाढदिवसाला फोन येतो. कधी येतो, कधी राहतो. आता म्हणतात, मुलगी आमची आहे, द्या."

"पोलीस घरी आले होते?"

"नाही."

"ठाण्यात बोलावलं?"

"नाही."

"मग गुन्हा कुठला?"

"तो त्यातच लिहिला असेल ना साहेब."

"नाही लिहिलेला. कारण नाहीच आहे. हे एका वकिलाचं पत्र आहे, बाई. जरा मोठ्या आवाजातलं."

"म्हणजे मला अटक..."

"कशाबद्दल? पोर वाढवली म्हणून?"

ती खुर्चीत बसली. खुर्ची मघापासून तिच्या मागेच होती.

"साहेब, आज शाळा सुटल्यावर तिला आणायला मीच जाऊ ना?" चार दिवस ती अर्धा तास आधीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहत होती.

"तुम्ही नाही तर कोण जाणार? निकाल काय लागेल ते मी सांगत नाही. पण मुलगी कुणाकडे राहील हे न्यायाधीश ठरवतील. हे पत्र नव्हे."

त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तिने बाड दिलं. लशींचं कार्ड, तापाच्या औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेची प्रगतिपुस्तकं, मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे, पहिल्यांदा गिरवलेलं अक्षर, सगळं तारखेनुसार लावलेलं, दोऱ्याने शिवलेलं, वर निळा कापडी पुठ्ठा. वकिलांनी शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कुणी बांधलं?"

"मीच. बाइंडिंगचंच काम करते. सुटे कागद हरवतात."

"आरोपीने स्वतःविरुद्धचा पुरावा इतका नीट बांधून आणलेला पहिल्यांदाच पाहतोय," वकील म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "थट्टा केली. हा पुरावा तुमच्याच बाजूचा आहे."

"मग केस घ्याल ना? तुम्ही हरत नाही म्हणतात."

"नाही घेणार. माझं काम माणसाला आतून बाहेर काढायचं. तुम्हाला घरातलं माणूस घरात ठेवायचंय. ते कसब वेगळं." त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या. "वरचा मजला, डाव्या हाताची दुसरी खोली. त्या बाई कुटुंब न्यायालयाचीच कामं करतात. आत्ताच जा. तुमचे तीनच दिवस उरलेत."

ती चिठ्ठी हातात घेऊन तशीच बसून राहिली. "चांगल्या आहेत का?"

"माझ्या बायकोच्या वकील होत्या."

तिने चिठ्ठीवरून मान वर केली.

"मुलगा बायकोकडे राहिला," वकील म्हणाले. "आरडाओरडा सगळा मी केला, निकाल त्यांनी नेला."

"आणि तुमच्या बाजूने कोण होतं?"

"मीच. शहरातला सगळ्यात मोठा फौजदारी वकील." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बायकोची अशी उलटतपासणी घेतली की न्यायाधीशांनी मलाच पाणी प्यायला सांगितलं. सुट्टीत मुलगा माझ्याकडे यावा, हे मागायचं मात्र राहून गेलं. ते त्या बाईंनी मागून घेतलं. माझ्यासाठी."

ती हसली. चार दिवस अडकलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. इतकं मोठ्याने, की दाराबाहेर बाकावरची कुजबुज थांबली.

वकीलही हसले. बाड परत देताना त्यांचा अंगठा शेवटाशी अडखळला. त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं, मग तिसरं.

"मागची पानं कोरीच आहेत. चुकून राहिली का?"

"चुकून नाही," बाड काखेत मारून ती उठली. "चौथीतच आहे ती अजून."