बाराच्या आधी

सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही; कितीतरी वर्षांचा नेम आहे. शहरात त्याची चेष्टा व्हायची. या छोट्या गावाने मात्र महिन्याभरातच मला सांभाळून घेतलं.

आज घरमालकांना सांगायचं होतं, कायमचं राहणार की परत जाणार. ह्यांना परत जायचं होतं. बारा वाजले की ह्यांची समजूत घालायची, असं ठरवून मी चिठ्ठी घेऊन दुकानात गेले.

सामान बांधून तयार होतं. “मघाशीच सांगून गेलात की, वहिनी,” दुकानदार म्हणाला.

मी तर आत्ताच घराबाहेर पडले होते.

शेजारच्या शिंपीणकाकू दारातूनच हसल्या. “तुझ्या गप्पांपायी माझं दूध उतू गेलं बघ!”

मीही हसून मान डोलावली. माणसं मोठी गोड आहेत इथली.

घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. आतून ह्यांचं हसणं ऐकू आलं. “बरं बाई, जिंकलीस! राहू या इथेच.”

“खरंच?” आतून माझाच आवाज म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटून उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तो आवाज इतका सुखी होता, की क्षणभर मलाही बरंच वाटलं.

मग आतून दाराला कडी लागली.