ओले फडके

जावेने काजूच्या काड्या कापून आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवल्या. पाण्याचेही विचारले नाही. बारा वर्षांनी मी तिची पायरी चढले होते.

“पारखून घ्या, वहिनी. मागाहून मला बोल लावू नका.”

वाटणीत सासूबाईंचे काजूचे झाड माझ्याकडे आले. जावेने कलमांसाठी काड्या मागितल्या, तेव्हा मी त्या पानांसकट तोडून दिल्या. काडी कापण्याच्या आठ दिवस आधी झाडावरच पाने छाटून नुसते देठ ठेवावे लागतात. तेव्हा कुठे डोळा फुगतो आणि कलम धरते. हे मला पुरते ठाऊक होते, तिला नव्हते. तीस काड्यांतून तिने कसेबसे एक झाड जगवले. यंदा खोडकिड्याने माझे झाड कुंपणाच्या दगडी गडग्याशी उभे वाळले, आणि त्या वाणाचे तिचे तेवढे एकच उरले.

“तुमच्याच रीतीने द्यायचे मनात होते,” ती म्हणाली.

मी फडके उलगडले. काड्यांवर पाने नव्हती, नुसते देठ होते. बोट लागताच पहिला गळून पडला, मग दुसरा. प्रत्येक काडीचा डोळा टपोरा फुगलेला.

म्हणजे पाने आठ दिवसांपूर्वीच छाटली होती. मी तर इथे यायचे आज सकाळी ठरवले.

“घरी पोचेपर्यंत फडके सुकू देऊ नका,” ती उठत म्हणाली. “आणि धुऊन परत पाठवा.”