भरपगारी सुट्टी

मिनेसोटात रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या थेरॉनला वरिष्ठ ग्वेनबाईंनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. स्वतःच्या हाताने कॉफी दिली, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

“आठवडाभर सुट्टी घे. पगार कापणार नाही. समुपदेशकाकडे जा, खर्च आपला.”

“गोड बोलून काढून टाकताय का, मॅडम? कुणी कान भरले तुमचे?”

“कुणीच नाही रे. तळ्यावरचा बर्फ फुटून बुडालेली ती पोर तू बाहेर काढलीस. तुझ्या हातातच गेली ती. तेव्हापासून तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस.”

“मला काही झालेलं नाही.”

ग्वेनबाईंनी सुट्टीचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

“एकाच पायात बूट होता तिच्या,” थेरॉन शेवटी म्हणाला. “ड्यूटी संपली की रोज तळ्यावर जातो, मॅडम. दुसरा अजून सापडत नाहीये.”