अबोल हिग्ज

"निष्क्रिय म्हंजे कामचुकार," धर्मा म्हणाला. "तो तुझा हिग्ज कामचुकार आहे काय?"

"बाबा, 'इनर्ट'ला शब्दकोशात तोच शब्द दिलाय." हेमांगी कागद घेऊन अंगणात उभी होती. धर्मा पायरीवर बसून सकाळी खुडलेली अबोली निवडत होता.

दुपारी चारला त्यांच्या होळी गावातल्या शाळेत तिचं व्याख्यान होतं. विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा ती मुंबईतल्या संस्थेत अभ्यास करत होती, पण गावासमोर, मराठीत, पहिल्यांदाच बोलणार होती. तिचा चुलत भाऊ चिराग त्या शाळेत मास्तर. त्याने बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात विषय लिहिला होता, 'काळा पदार्थ'. सकाळपासून गावातल्या दोघांनी धर्माला थांबवून विचारलं होतं, पोरगी अमली पदार्थवाल्या पोलिसांत लागली काय?

आजवर कुठेही बोलायचं असलं की हेमांगी आधी आईला म्हणून दाखवायची. जिजा चौथी शिकलेली. याच पायरीवर फुलं ओवत ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "कळलं." तेवढ्याने हेमांगीची भीती जायची. जिजा जाऊन आठ महिने झाले होते. आज पायरीवर धर्मा होता, आणि त्याला खोटं 'कळलं' म्हणता येत नव्हतं. तीनदा ऐकून तीनदा तो "नाही" म्हणाला होता.

"राहू दे." हेमांगीने कागद दुमडले. "चिरागदादाला फोन करते. मी इंग्लिशमध्येच बोलते. नाही कळलं तर नाही कळलं."

"थांब गं बाय. शब्द सोड. तो करतो काय, ते सांग."

ती खालच्या पायरीवर टेकली. "आकाशगंगेच्या कडेचे तारे इतक्या जोरात फिरतात की खरं तर ते सुटून जायला हवेत. जात नाहीत. काहीतरी त्यांना धरून आहे. ते दिसत नाही, पण त्याचं वजन जाणवतं. आता, हिग्ज नावाचा एक कण सापडलाय. आम्ही काही जण म्हणतो, त्याला कुणी भाऊबंद असेल. दुसरा हिग्ज. तो साध्या कणांशी बोलत नाही, म्हणून सापडत नाही. पण सगळं धरून ठेवणारा कदाचित तोच."

"अजिबात बोलत नाही?"

"थेट नाही. बोललाच तर पहिल्या हिग्जमार्फत."

धर्माचा हात फुलांत थांबला. मग तो हसायलाच लागला.

"अगं, मग अबोला म्हन की!"

"काय?"

"तुझ्या आईचा अबोला. पंधरा पंधरा दिवस एक शब्द नाही. पन वाफ्यांना पानी सोडलेलं, डबा भरलेला, सदरा धुतलेला. घर कोन धरून होतं? आनि तिला निष्क्रिय म्हनतेस!" त्याने डोळे पुसले. "काही सांगायचंच झालं तर? 'हेमा, तुझ्या बापाला सांग, पंप बंद कर म्हनावं.' मी दोन हातांवर बसलेलो. तरी तुझ्यामार्फत."

हेमांगी बघतच राहिली. "म्हणजे पहिला हिग्ज मी?"

"मग! इकडून तिकडे पळून दमायचीस. 'बाबा, आई म्हनते पंप.' 'आई, बाबा म्हनतात ऐकू आलं.'"

आता तीही हसत सुटली. हसता हसताच तिने कागदावरचं 'निष्क्रिय' खोडलं आणि वर लिहिलं, 'अबोल'. मोठ्याने वाचून बघितलं. "अबोल हिग्ज."

"हे कळेल सगळ्यांना. अबोला धरला नाही असं होळीत एक घर दाखव मला." धर्मा आता पुढे सरकून बसला होता. "पन तुमी त्याला शोधता कसा?"

"परदेशात खोल खाणींमध्ये टाक्या ठेवल्यात. वरचा गोंधळ खाली पोचत नाही. तो कधीतरी कशाला तरी धडकेल, बारीकसा धक्का बसेल, म्हणून माणसं वाट बघतात. वर्षानुवर्षं. अजून बसला नाही."

"बसेल." धर्माने एक कोमेजलेलं फूल बाजूला टाकलं. "अबोल्यात पन तुझी आई चहा आनून द्यायची. कप असा आपटायची की निम्मा चहा बशीत. मी मान वर करायचो नाही. रागावलीय, पन आहे, एवढं कळायचं."

त्याने फुलांची टोपली मांडीवर घेतली.

"म्हन आता. पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून म्हटलं. या खेपेला कागद मांडीवर पालथाच राहिला. बोलण्यात पंप आला, डबा आला, मधे धावणारी पोरगीही आली. धर्माने शेवटपर्यंत ऐकलं आणि टोपलीवर ओलं फडकं ओढलं.

"काय बाबा?"

"चहा ठेव. मग सांगतो."

"हे काय! आई असं नव्हती करत." ती तणतणत आत गेली.

जरा वेळाने बाहेर आली. एक शब्द बोलली नाही. धर्माच्या शेजारी तिने कप आपटला, निम्मा चहा बशीत सांडला, आणि वळून ती आत निघून गेली.

धर्माने मान वर केली नाही. तो बशीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मांडीवरची टोपली सांभाळता सांभाळता तो इतका हसला की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

"हेमा!" त्याने आत हाक मारली. "तुझ्या आईला सांग, कळलं म्हनावं."