तू आणि वू

१९७४ साल. वसमतच्या एका शाळेत चोवीस वर्षांचे किशनराव सर इंग्रजी पुस्तकावरून फ्रेंच शिकत होते आणि पहिल्याच धड्यात अडकून चिडले होते.

"इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. ह्या फ्रेंचांना दोन काहून लागतात? एक 'तू', एक 'वू'! कोणता कुणाला म्हणायचा, चार दिवस झाले, डोक्यात शिरंना!" त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. दारात त्यांच्या बापाच्या वयाचा सटवाजी शिपाई उभा होता. "अन् तू काय ऐकून राहिला रे? पाणी आण!"

सटवाजीनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला.

"सोपं हाय की, सर. तुमी मला म्हणता ते 'तू', अन् मी तुमाला म्हणतो ते 'वू'."