नववं कारंजं

अभ्यास सहलीला आलेल्या मुलांना बाईंनी किल्ल्याच्या बागेत शिरताच आधी नकाशाच्या फलकापुढे उभं केलं. फलकाच्या तळाशी बाईंच्या कॉलेजातल्या सरांचं नाव कोरलेलं होतं.

"हा नकाशा माझ्या सरांनी काढलाय. एकेक कारंजं स्वतः टेप लावून मोजलंय, हं! जा, सगळी शोधून या." बाईंचा ऊर नुसता भरून आला होता.

तासाभराने मुलं घामाघूम होऊन परतली. "बाई, नकाशात कारंजी नऊ आहेत. आम्ही अख्खी बाग पालथी घातली, आठच सापडली. ते तळ्यामागचं तर नाहीच आहे! तुमचे सर चुकले की काय?"

"माझे सर? शक्यच नाही!" म्हणत बाई तावातावाने फलकाकडे वळल्या. तळ्यामागच्या कारंज्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथून ते दुसऱ्या वाटेवरच्या कारंज्यापर्यंत हळूहळू सरकवलं.



एकच कारंजं दोन वाटांनी येऊन दोनदा मोजायची ती चूक कॉलेजात असताना त्यांच्याच हातून झाली होती, ती दुरुस्त करायला त्या सरांकडे दिलेला आपला या बागेचा नकाशा परत मागायला गेल्या, तेव्हा सर हळहळून म्हणाले होते, "तुझा नकाशा प्रवासात हरवला गं, पोरी."