कोणाच्या हिश्शाची मासोळी

"ताई, आवाज येऊन राह्यला का?" डिंपलनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. पुण्याच्या बाईंशी शुद्ध बोलायचं, असं तिनं सकाळपासून घोकलं होतं.

"येतोय, येतोय. वाच तू," फोनमधून नूतनताई म्हणाल्या.

गावात नेटवर्क सापडतं ते एकाच जागी, तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली. म्हणून डिंपलच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाचा निकालही तिथंच लागायचा होता. गोष्ट तिनं चंद्रपूरला जाऊन टाइप करून आणली, प्रकाशकांना धाडली. कोणी हूं की चूं केलं नाही. एकट्या नूतनताईंनी उत्तर दिलं, तेही अट घालून. नवा लेखक असला की गोष्ट आधी मुलांना वाचून दाखवायची, संपादकानं फोनवर ऐकायची. मुलं शेवटपर्यंत बसली, शेवट त्यांना आवडला, तर पुस्तक छापायचं. नाहीतर राम राम.

पोरं गोळा करायला काय लागतं? मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, रविवारची सकाळ, आणि डिंपल अंगणवाडीची बाई. तिच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं तिचं ऐकत, निदान तोंडदेखलं तरी.

डिंपल वाचू लागली. तलावात एक रोहू मासोळी होती, तिचं नाव रूपा. तिला आई होती, मैत्रिणी होत्या. एक दिवस तलावात जाळं पडलं. इथं प्रफुल पुढं सरकून बसला. रूपा जाळ्यात सापडली, तेव्हा पिंकीनं समाधानानं मान हलवली. डिंपलला ते जरा खटकलं, पण आता थांबायची सोय नव्हती. मग जाळं फाटलं, रूपा निसटली आणि खोल पाण्यात आईजवळ गेली. गोष्ट संपली.

पोरं एकमेकांकडं पाहू लागली.

"आवडली का रे?" नूतनताईंनी विचारलं.

"जाळं फाटलं काऊन?" प्रफुल म्हणाला. "माहा बाप तं आदल्या दिवशीच शिवून ठेवते."

"फाटलं नं बाबू आता. गोष्ट हाय ते," डिंपल त्याला दटावत म्हणाली.

मग पिंकी उभी राहिली. ही पोरगी ग्रामसभेत सरपंचाला प्रश्न विचारून आलेली, तिथं डिंपलची काय कथा. "बाई, ते सुटली, तं ते कोणाच्या हिश्शाची होती?"

"हिस्सा म्हणजे काय गं?" फोनमधून आवाज आला.

पिंकीला त्या बाईंची दयाच आली. ती फोनजवळ वाकून सावकाश सांगू लागली. "सारे मिळून जाळं ओढतेत. मंग मासोळ्या इथी बांधावर ओततेत. जेवढे घरं, तेवढे हिस्से. रुखमाआजीच्या घरी जाळं ओढाले कोणी नाई, तरी तिचा हिस्सा पडते. एक मासोळी सुटली म्हंजे कोणाचा तरी कमी झाला नं."

डिंपलला आपलं घर आठवलं. बाप गेला तेव्हा जाळ्याला हात लावायला तिच्या घरी तरी कोण होतं? पण हिस्सा कधी चुकला नाही. जाळं ओढून परतताना चैतूकाका टोपली दारात ठेवून जायचा आणि आई रांधायची. त्या मासोळ्या खाऊन ती एवढी झाली, शिकली, गोष्ट लिहू लागली, आणि गोष्टीतली मासोळी सोडून मोकळी झाली. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वाचलेल्या पुस्तकांतले मासे सुटायचे, म्हणून हिचाही सुटला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"शेवट मुलांना नाही आवडला, ताई," ती म्हणाली.

"ऐकलं मी. पण डिंपल, तू तिला नाव दिलंस, आई दिलीस. आता शिजवलीस तर इकडची मुलं रडतील गं. मला तर सुटलेलीच आवडली होती. तोच ठेवायचा का शेवट?"

हो म्हटलं की पुस्तक हातात. एवढं सोपं होतं. डिंपलनं पाण्याकडं पाहिलं, मग पिंकीकडं. आणि घोकलेलं सगळं शुद्ध बोलणं तिच्या तोंडातून गळून पडलं.

"रडतीन तं रडू द्या, ताई. मी रुखमाआजीचा हिस्सा नाई कमी करत."

गेलं पुस्तक, डिंपल मनाशी म्हणाली. डोळे भरून आले तिचे.

पोरांना त्याचं काय! त्यांनी तोवर मोहाची वाळलेली पानं गोळा करून, त्यांनाच मासोळ्या समजून बांधावर हिस्से मांडायला घेतले होते. घराघराचं नाव घ्यायचं आणि पानं ठेवायची. सगळी घरं झाली, तरी पिंकीनं एक हिस्सा वेगळा मांडला.

"हा कोणाचा?" प्रफुलनं विचारलं.

"फोनमधल्या बाईचा. वाटणीच्या टायमाले जो बांधावर असते, त्याले देतेतच नं."

फोन कट झाला की काय, म्हणून डिंपलनं नेटवर्क पाहिलं. होतं.

"डिंपल," नूतनताई म्हणाल्या. "आत्ता मुलांनी केलं ना, तेच शेवटच्या पानावर लिही. छापते मी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पिंकी, माझ्या हिश्शाला कोणती आली गं?"

पिंकीनं त्या हिश्शातलं सगळ्यात मोठं पान उचलून नीट पाहिलं.

"रूपा," ती म्हणाली. "आता सोडा नाईतं रांधा. तुमची हाय."